गळकी फिश टँक: आधी ब्लेड, मग सिलिकॉन

कोकणात माशांच्या टाक्या गळायला लागण्याचा एक ठरलेला हंगाम असतो: गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस. मखराला जागा हवी असते, भिंतींना रंग काढायचा असतो, मुंबईहून चाकरमानी येणार म्हणून बाहेरच्या खोलीतलं सामान हलतं, आणि त्यात कोपऱ्यातली टाकीही हलते. "चार बोटं पाणी राहू दे, मासे त्यातच राहतील," असं म्हणून दोघंजण टाकी उचलतात. ३ फूट लांब आणि १ फूट रुंद टाकीत चार बोटं पाणी म्हणजे जवळपास २० लिटर, म्हणजेच २० किलो. त्यात तळाची रेती आणि काचेचं स्वतःचं वजन. दोन टोकांना दोन माणसं, एकाचा हात जरा वर, दुसऱ्याचा जरा खाली. अशी उचलली की तळाची काच पिळवटते आणि कुठल्यातरी कोपऱ्यातलं सिलिकॉन काचेपासून केसभर सुटतं. त्या क्षणी काहीच दिसत नाही. आरतीच्या गडबडीत दोन-तीन दिवसांनी कोणाच्या तरी पायाला ओल लागते.

मग हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब येते आणि जिथून पाणी ठिबकतंय तिथे बाहेरून जाड थर बसतो. एक दिवस बरा जातो, पुन्हा ठिबक सुरू होते, आणखी एक थर बसतो. शेवटी "सिलिकॉन बोगस निघालं" म्हणून टाकी माळ्यावर जाते. बहुतेक वेळा सिलिकॉनचा काही दोष नसतो. ते चुकीच्या बाजूने आणि चुकीच्या पृष्ठभागावर लावलेलं असतं. या दोन गोष्टी नीट समजल्या तर घरची बहुतेक गळती घरीच दुरुस्त होते. म्हणून आधी कारण सांगतो, कृती नंतर.

पाण्याचा जोर

पाण्याचा दाब टाकी किती लांब-रुंद आहे यावर ठरत नाही. तो फक्त खोलीवर ठरतो. १ फूट रुंद टाकी असो की विहीर असो, पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटर खाली दाब तेवढाच असतो. खाली जाल तसा तो वाढत जातो. आपल्याकडे घरोघरी दिसणारी ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या आणि तिच्यात ४२ सेंटिमीटर पाणी भरा. समोरच्या एकट्या काचेवर बाहेरच्या दिशेने साधारण ८० किलो वजनाइतका जोर येतो, आणि तो दिवसरात्र कायम असतो. पाणी निम्म्यावर आणलं तर हा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो, म्हणजे २० किलोंवर येतो. म्हणजे टाकी भरलेली असते तेव्हा ८० पैकी ६० किलोंचा भार काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर असतो.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक, गळती बहुधा तळाच्या सांध्यात किंवा खालच्या कोपऱ्यात सापडते. दोन, गळती लक्षात आल्यावर पाणी निम्मं उपसलं तरी सांध्यावरचा ताण लगेच उतरतो आणि विचार करायला वेळ मिळतो.

हा जोर आतून बाहेर ढकलणारा आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. होडी बांधताना फळ्यांच्या फटींत कापूस ठासतात तो बाहेरून, कारण तिथे पाणी बाहेर असतं आणि तेच पाणी ठासलेलं आणखी घट्ट दाबतं. टाकीत पाणी आत आहे, म्हणून सिलिकॉनही आतच हवं. आतल्या थराला पाणी काचेवर दाबून धरतं. बाहेरून लावलेल्या थराला तेच पाणी मागून ढकलून काचेपासून सोलत राहतं. सिलिकॉनच्या जागी एम-सीलसारखी पुट्टी बाहेरून थापली तरी हेच होतं, फक्त पुट्टी कडक असल्यामुळे सुटायला जरा जास्त वेळ लागतो.

खरंच गळतंय का?

टाकी रिकामी करण्याआधी एवढी खात्री करून घ्या. स्टँडवर पाणी दिसलं म्हणजे सांधा गेला असं नसतं. हवेच्या बुडबुड्यांचे शिंतोडे झाकणावरून बाहेर ओघळतात. फिल्टरच्या वायरवरून पाणी हळूहळू उतरत येतं. त्यासाठी वायर प्लगच्या खाली झोळ देऊन सोडावी, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळतो आणि बोर्डात शिरत नाही. पावसात लाइट वारंवार जाते, तेव्हा वेगळाच प्रकार घडतो. हवेचा पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर पंप बंद पडताच नळीतून पाणी उलटं बाहेर येऊ लागतं. सकाळी जमिनीवर तळं दिसतं आणि दोष टाकीला दिला जातो. पंप पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. एसी असलेल्या खोलीत आणखी एक फसवणूक होते. पाणी थंड झालेलं असतं, एसी बंद करून खिडकी उघडली की पावसाळी दमट हवा काचेवर दव धरते आणि ते दव खाली ओघळतं.

आता राहिली वाफ. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली ठेवलेल्या टाकीतलं पाणी रोज काही मिलिमीटर सहज उडतं. त्यासाठी टाकीशेजारी एक बादली भरून ठेवा, दोन्हींवर पाण्याच्या पातळीशी चिकटपट्टी लावा आणि २४ तासांनी पाहा. दोन्हींत घट जवळपास सारखी असेल तर टाकी शाबूत आहे. आकड्यात सांगायचं तर वर सांगितलेल्या टाकीत पातळी १ मिलिमीटर उतरली म्हणजे पाव लिटरहून थोडं जास्त पाणी गेलं. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला साधारण ४ लिटर, म्हणजे दीड सेंटिमीटर घट. एवढी घट वाफेने होत नाही.

खरी गळती आहे असं ठरलं की ती कुठे आहे हे शोधायचं. इथे लोक फसतात, कारण पाणी जिथून आत शिरतं तिथूनच बाहेर पडेल असं नाही. डाव्या कोपऱ्यात आतला थर सुटलेला असतो, पाणी दोन काचांच्या मधल्या फटीतून सरकत जातं आणि उजवीकडे दीड फुटावर ठिबकतं. बाहेरचे सगळे सांधे पुसून कोरडे करा आणि त्यांवर पांढऱ्या खडूने रेघ ओढा. ओल जिथे पहिल्यांदा येते तिथे खडू काळपट पडतो. दुसरी युक्ती जास्त खात्रीची आहे, पण तिला धीर लागतो. फिल्टर बंद करून पाणी स्वतःहून किती उतरतं ते पाहायचं. पातळी जिथे येऊन थांबेल त्या उंचीवर भोक आहे. तळापर्यंत उतरत गेली तर तळाचा सांधा. मासे असताना ही परीक्षा अर्ध्या पाण्याच्या खाली नेऊ नका.

उभ्या सांध्याकडे बाजूने, उजेडाच्या समोर धरून पाहा. दोन काचांच्या मधलं सिलिकॉन एकसारखं दिसायला हवं. त्यात पांढुरके डाग, बुडबुड्यांच्या रांगा किंवा ताणलेले धागे दिसले तर तिथे ते काचेपासून सुटलंय.

हे पाहणं फार महत्त्वाचं आहे, कारण टाकीत सिलिकॉनची कामं दोन असतात. दोन काचांच्या मध्ये असलेला पातळ थर काचा एकमेकींना धरून ठेवतो, सगळा भार त्याच्यावर असतो. आतल्या कोपऱ्यातून फिरवलेली गोलसर पट्टी पाणी अडवते. आतली पट्टी गेली असेल तर घरी काम होतं. काचांमधलाच थर लांबवर सुटला असेल तर टाकी पूर्ण सोडवून, काचा साफ करून नव्याने बांधावी लागते. ते काम टाक्या बनवणाऱ्याकडे द्यावं, आणि दीड-पावणेदोन फुटांहून उंच टाकी असेल तर बिलकूल घरी करू नये. काचेलाच तडा असेल तर सिलिकॉन हा त्यावरचा इलाज नाही, ती काच बदलायची.

सिलिकॉन काचेला का धरतं, आणि सिलिकॉनला का नाही

१९६०च्या दशकापर्यंत घरगुती टाक्या लोखंडी चौकटीत बसवत आणि फटींत काचकामाची पुट्टी भरत. पुट्टी सुकून तडकायची, चौकट गंजायची. सिलिकॉन आल्यावर चौकटच नाहीशी झाली आणि नुसत्या काचांची पेटी उभी राहिली. याचं कारण रसायनात आहे. काच म्हणजे मुख्यतः सिलिकॉन (इथे ट्यूबमधलं नव्हे, त्याच नावाचं मूलद्रव्य) आणि ऑक्सिजन यांचं जाळं. सिलिकॉनच्या चिकट लुगदीचा कणाही सिलिकॉन-ऑक्सिजनच्याच साखळीचा असतो. ती घट्ट होताना काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंध जोडते. म्हणून स्वच्छ काचेवर बसलेलं सिलिकॉन ओढून निघत नाही, ब्लेडनेच कापावं लागतं.

पण एकदा घट्ट झालेल्या सिलिकॉनच्या पृष्ठभागाला मात्र जवळजवळ काहीच नीट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. ते वरवर बसलेलं दिसतं, पण नखाने उचकटलं तर पापुद्र्यासारखं निघून येतं. जुन्या पट्टीवर नवीन पट्टी फिरवून केलेली दुरुस्ती टिकत नाही ती यामुळेच. आणि म्हणूनच गळणाऱ्या दोन इंचांपुरतंच जुनं सिलिकॉन काढून तिथे ठिगळ लावणंही बेभरवशाचं, कारण ठिगळाची दोन्ही टोकं जुन्या सिलिकॉनवरच टेकतात. आतली पट्टी काढायची तर चारही उभे कोपरे आणि तळाची चौकट, सगळी काढायची. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण अर्धवट काम दोन महिन्यांनी पुन्हा करावं लागतं, तेही मासे पुन्हा बाहेर काढून.

दुकानात "काचेसाठीचं, फिश टँकला चालणारं" असं स्पष्ट सांगून मागा आणि ट्यूबवर तसं लिहिलेलं वाचून घ्या. बाथरूम-किचनसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी येऊ नये म्हणून बुरशीनाशक घातलेलं असतं. बाथरूमला ते उत्तम, माशांना ते विष. "अँटी-फंगल" शब्द दिसला की ट्यूब परत ठेवा. वर रंग देता येतो असं लिहिलेली ॲक्रिलिकची ट्यूबही नको, कायम पाण्याखाली राहणं तिला जमत नाही. साधं, भेसळ नसलेलं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन टाक्यांसाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि घट्ट झाल्यावर निघून जातो. ट्यूबवरची तारीख जरूर पाहा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, आणि आपल्याकडच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. रॅकवर दोन पावसाळे काढलेली ट्यूब तोंडाशीच गोठलेली निघते.

मासे आधी

सगळे प्लग आधी काढा, मगच पाण्यात हात घाला. हीटर असेल तर तो पाणी उपसण्याआधी बंद करून थंड होऊ द्या, नाहीतर पाण्याबाहेर तापून त्याची काच तडकते.

मासे ठेवायला प्लास्टिकचं स्वच्छ पिंप किंवा मोठा टब घ्या, ज्यात कधी साबण-फिनाइल पडलेलं नाही असा. त्यात टाकीतलंच पाणी भरा. वर जाळी किंवा विरळ कापड बांधा, कारण गौरामी आणि फायटर अंधारात उडी मारतात. फिल्टरचा स्पंज त्याच पिंपात चालू ठेवा. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात. स्पंज वाळला किंवा नळाखाली धुतला की ते मरतात आणि दुरुस्त टाकीत परत गेलेले मासे आठवड्याभरात आजारी पडतात. लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा छोटा हवापंप बाजारात मिळतो. पावसाळ्यात हे काम काढणार असाल तर तो घेऊन ठेवा. पिंपातल्या दिवसांत खाणं निम्म्याहून कमी करा आणि दर दिवसाआड थोडं पाणी बदला.

पाण्याबद्दल एक सूचना खास आपल्या गावांसाठी. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. माणसांसाठी ते गरजेचंच आहे, पण त्यातला क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि स्पंजातल्या जिवाणूंनाही मारतो. "विहिरीचं पाणी, त्यात काय असणार" असं धरून चालू नका. पाणी उघड्या बादलीत दिवसभर हवा सोडून ठेवा किंवा क्लोरिन उतरवणारे थेंब घाला.

टाकी गळते म्हणून मासे व्हाळात किंवा विहिरीत सोडून देणारे लोक भेटतात. कृपा करून तसं करू नका. काच चाटणारा सकरमाऊथ असाच सोडला जाऊन देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे आणि तिथल्या मूळ माशांच्या तोंडचा घास काढून घेतोय. काढलेलं गोड्या पाण्याच्या टाकीतलं पाणी मात्र नारळाच्या आळ्यात खुशाल ओता, झाडाला ते मानवतं.

ब्लेडचं काम

या दुरुस्तीतला तीन चतुर्थांश वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. टाकी रिकामी करून, धुऊन, एक दिवस पंख्याखाली वाळू द्या. आतल्या पट्टीच्या एका बाजूने ब्लेड काचेला जवळजवळ सपाट टेकवून कापत न्या, मग दुसऱ्या बाजूने. लांब पट्टी सुटून येते. ब्लेडचं टोक दोन काचांच्या मधल्या फटीत अजिबात घुसवू नका. तिथला थर टाकी धरून उभा आहे. ब्लेड बोथट झालं की बदला, बोथट ब्लेडवर जोर लावला की ते घसरतं आणि हात कापतो.

पट्टी निघाल्यावर काच साफ दिसते, पण ती साफ नसते. तिच्यावर सिलिकॉनचा अगदी पातळ पापुद्रा उरलेला असतो, आणि नवीन काम फसतं ते यावरच. तो ओळखायची सोपी रीत आहे. कोपऱ्याच्या काचेवर थोडं पाणी शिंपडा. स्वच्छ काचेवर पाणी पातळ पसरतं. पापुद्रा उरला असेल तिथे ते थेंब थेंब होऊन गोळा होतं. त्या जागा पुन्हा ब्लेडने खरवडा आणि पुन्हा पाणी शिंपडून पाहा. पाणी सगळीकडे सारखं पसरेपर्यंत हे करत राहायचं. पांढरे क्षार बसले असतील तर व्हिनेगरने काढून साध्या पाण्याने धुवा. समुद्राच्या पाण्याची टाकी असेल तर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि किनाऱ्याला लागून घर असेल तर रिकाम्या टाकीवरही खाऱ्या वाऱ्याने मिठाचा अदृश्य थर बसतो. तोही तेवढाच अडसर आहे, म्हणून आज साफ केलेल्या टाकीला पुढच्या आठवड्यात सिलिकॉन लावू नये.

शेवटचं पुसणं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, जे औषधांच्या दुकानात मिळतं, किंवा शुद्ध ॲसिटोनने करा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत तेल आणि सुगंध असतो, ती नको. रॉकेल, टर्पेंटाइन, साबण, काहीच नको. टाकी काचेची नसून ॲक्रिलिकची असेल तर ॲसिटोन तिला कायमची धुरकट करून टाकतं. मुळात तिथे हे सिलिकॉनच नीट धरत नाही.

इथे पावसाळ्यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अल्कोहोल झटकन उडतं तेव्हा काच थंड पडते. हवा दमट असेल तर त्या थंड काचेवर दवाचा पातळ पडदा येतो, डोळ्यांना तो दिसतही नाही. पुसल्या पुसल्या सिलिकॉन लावलं तर ते काचेला न धरता पाण्याला धरतं. म्हणून पुसल्यावर हेअर ड्रायरची कोमट हवा कोपऱ्यांतून फिरवा. काच हाताला किंचित कोमट लागली की समजा, आता ती कोरडी आहे. बाहेर पागोळ्या गळत असताना पडवीत हे काम करू नये. आतल्या खोलीत, पंखा लावून करावं.

सिलिकॉन लावणं

हा सगळ्यात छोटा भाग. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना साधारण ८ मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावा. ट्यूबचं नाक तिरकं कापा, गनमध्ये बसवा, आणि आधी चार उभे कोपरे, लगेच तळाची चौकट, असं न थांबता फिरवा. सगळे सांधे एकमेकांना ओले असतानाच भेटले पाहिजेत. मध्ये चहाला उठलात तर तेवढ्यात जुनं-नवीन सिलिकॉन हा भेद पुन्हा तयार झाला. हातमोजा घातलेलं बोट किंवा आइस्क्रीमच्या काडीचं गोल टोक घेऊन एकाच दमात, थोडा दाब देत फिरवा, म्हणजे सिलिकॉन कोपऱ्यात घुसतं आणि हवा उरत नाही. बोट साबणाच्या पाण्यात बुडवायची सवय बाथरूमच्या कामात चालते, इथे नाही. टेप लगेच तिरकी ओढून काढा.

कोरड्या हवेत वर साय धरायला दहा-बारा मिनिटं मिळतात. जुलैमध्ये आपल्याकडे त्याहून बरीच कमी. म्हणून दोघंजण असावेत, एकाने गन चालवावी, दुसऱ्याने मागून बोट फिरवत यावं. साय धरल्यावर हात लावला तर सुरकुत्या पडतात आणि त्याच पुढे गळतात.

त्यानंतर वाट पाहायची. सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. हवेतला ओलावा आत शिरेल तसं ते पिकतं, म्हणून टाकीवर झाकण ठेवू नका आणि उन्हातही नेऊ नका. दमट हवा इथे आपल्या बाजूने आहे. तरीही तीन पूर्ण दिवस द्याच, आणि थर जाड झाला असेल तर आठवडा. अंदाज घ्यायचा असेल तर काम करताना काचेच्या एखाद्या तुकड्यावर तेवढ्याच जाडीचा एक गोळा लावून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो ब्लेडने मधोमध कापा. आत मऊ, चिकट असेल आणि आंबट वास येत असेल तर टाकीतही तीच अवस्था आहे.

भरून पाहताना, आणि स्टँड

पहिली भरणी माशांशिवाय, आणि शक्यतो जिथे पाणी सांडलं तरी चालेल अशा जागी. खाली वर्तमानपत्र पसरा. चौथाई भरून काही तास थांबा, मग निम्मी, मग पूर्ण, आणि पूर्ण भरलेली रात्रभर ठेवा. कागदावर एकही डाग नसेल तर ते पाणी फेकून द्या.

पण टाकी परत जागेवर ठेवण्याआधी स्टँडकडे बघा, कारण गळतीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. भरलेली ३ फुटी टाकी दीडशे किलोंच्या आसपास जाते. कोबा किंवा जुन्या लाद्यांची जमीन क्वचितच समतल असते. लोखंडी अँगलचा स्टँड खाऱ्या हवेत वेल्डिंगच्या जागी आधी गंजतो, एक पाय दोन मिलिमीटर खचतो आणि टाकी कायमची पिळलेली राहते. साध्या प्लायची फळी पावसाळ्यात फुगते, मधोमध उंचवटा येतो. लाकडी स्टँडला वाळवी आतून खाते आणि रंगाच्या थरामुळे कळत नाही. गवंड्याकडची पाणसळ आणून लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण तपासा. पाचर मारायची ती स्टँडच्या पायाखाली, टाकीखाली कधीच नाही. पाणसळ नसेल तर भरलेल्या टाकीत चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. एका टोकाला जास्त निघालं की कल किती ते कळतं. तळाची काच थेट फळीवर टेकत असेल तर मध्ये थर्माकोलची पाऊण-एक सेंटिमीटर जाड शीट घाला, बारीक खडा किंवा उंचवटा ती गिळून टाकते. टाकीच्या तळाला प्लास्टिकची चौकट असेल आणि काच अधांतरी असेल, तर मात्र थर्माकोल नको. तो काचेला मधून वर ढकलतो.

टाकीच्या वरच्या काठाला आडवी काचेची सपोर्ट पट्टी असते, ती सैल झालीय का तेही याच वेळी हलवून पाहा. ती सुटली की लांब काच मधोमध बाहेर फुगते आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन दिवसरात्र सोललं जातं. नुकतं कष्टाने घातलेलं सिलिकॉनही त्यापुढे फार काळ टिकणार नाही.

रेती परत घालताना अलगद ओता, कोपऱ्यातल्या नव्या पट्टीवर मोठे दगड टेकवू नका. शेवाळ खरवडायचं ब्लेड पुढेही सिलिकॉनपासून बोटभर लांबच ठेवायचं. पिंपातलं पाणी, तोच स्पंज, आणि उरलेलं क्लोरिन उतरवलेलं नवीन पाणी, अशी टाकी भरली की मासे त्याच दिवशी परत जाऊ शकतात. पहिले चार-पाच दिवस खाणं थोडंच द्या, कारण रेतीतले आणि काचेवरचे जिवाणू वाळून गेलेले असतात आणि सगळा अमोनिया त्या एकट्या स्पंजाला पचवायचा असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर औषध शोधत बसू नका, पाव टाकी पाणी लगेच बदला.